पंधरा ऑगस्टनंतरच्या तारखा

मराठी मुलखात स्वातंत्र्य एका दिवशी आले नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती इथे तिरंगा चढला, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते. पणजी, मडगाव, म्हापसा पोर्तुगिजांकडे होते, दादरा आणि नगरहवेलीही त्यांच्याकडेच. सोलापूर मात्र ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतातले शहर, म्हणजे त्या दिवशी स्वतंत्र झालेले. पण त्याच सोलापुरातल्या ‘सेटलमेंट’मध्ये, तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या कुटुंबांना जखडणारा कायदा त्या दिवशीही जिवंत होता. पुढे १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीचा २ ऑगस्ट १९५४ उजाडला, १९ डिसेंबर १९६१ उजाडला. या सगळ्यांच्या अधेमध्ये ३१ ऑगस्ट १९५२ ही एक तारीख येऊन गेली. ती आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

या तारखांना मराठीने वेगवेगळी नावे दिली. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. त्याआधी दीर्घकाळ चलनात असलेला शब्द स्वराज्य. दादाभाई नौरोजींनी १९०६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये तो मागणी म्हणून मांडला, टिळकांनी त्यासाठी १९१६ साली होमरूल लीग काढली, आणि लाहोर काँग्रेसने डिसेंबर १९२९मध्ये त्याच्यामागे ‘पूर्ण’ हे विशेषण लावले. भाषणांत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते प्रत्यक्ष माणसाच्या आयुष्यात. राज्य आपले झाले म्हणून गावकुसाबाहेरचा माणूस सुटला असे होत नाही, आणि कायद्याने सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर, शाळेत किंवा कचेरीत गेला की त्याला मोकळेपणा मिळतोच असेही नाही. म्हणून स्वातंत्र्याविषयी बोलताना तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हा शब्द कोण उच्चारतो आहे? कोणत्या जाचाविरुद्ध? आणि जाच संपल्यावर सुटलेल्या माणसाच्या हातात काय पडले? आजच्या व्याख्यानात या तीन प्रश्नांच्याच वाटेने जायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याने फार किंमत मोजून शिकवले आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७मध्ये फर्मान काढून जाहीर केले की इंग्रज गेल्यावर आपले संस्थान कोणत्याही देशात सामील होणार नाही, ते स्वतंत्र राहील. कासीम रझवी यांच्या सशस्त्र संघटनेच्या, रझाकारांच्या, तोंडी ‘आझाद हैदराबाद’ ही घोषणा होती. शब्द तोच होता, पण त्यात स्वातंत्र्य होते ते गादीचे. प्रजा बहुसंख्येने तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षणही उर्दूत. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढायची, असा हुकूम होता. ‘गश्ती निशान ५३’ या नावाने तो मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असे. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते या वातावरणात. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले, तर त्यांची नावे पटावरून काढली गेली. त्यांच्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, म्हणून त्यांची वर्षे वाचली. एक गाणे म्हणण्यासाठी विद्यार्थ्याला घर, गाव आणि विद्यापीठ सोडून शेकडो मैल जावे लागत असेल, तर तिथे ‘आझाद’ हा शब्द नेमका कोणाचा होता ते उघड आहे.

स्वामी रामानंद तीर्थ यांनी १५ ऑगस्ट १९४७ला हैदराबादेत तिरंगा फडकावला आणि त्यांना अटक झाली. उरलेल्या भारताने ज्या कृतीने सण साजरा केला, तीच कृती इथे गुन्हा ठरली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लोक आजही या लष्करी कारवाईला ‘पोलिस अ‍ॅक्शन’ म्हणतात.

१७ सप्टेंबरची दुसरी बाजूही मराठवाड्याच्या इतिहासात आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. पोलिस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवले. समितीने मृतांचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० असा दिला. तो अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरातच पडून राहिला. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि हे हत्याकांडही खरे होते. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत. ज्या दिवशी गावच्या बहुसंख्यांना मोकळा श्वास मिळाला, त्याच आठवड्यांत त्याच गावच्या काही घरांना जीव मुठीत धरून पळावे लागले असेल, तर त्या घरांसाठी त्या दिवसाला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

आता दुसरा प्रश्न, जाच कोणता? गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे सत्ता उघड परकी होती आणि तिचा हात घराघरात पोचलेला होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापील कागदावर सेन्सॉरची नजर असे, ती इतकी की लग्नपत्रिका छापायची तरी मंजुरी लागे. घरात मुलीचे लग्न ठरले आहे, मुहूर्त निघाला आहे आणि पत्रिकेचा मजकूर आधी सरकारी माणसाने वाचायचा! स्वातंत्र्य नसणे म्हणजे काय, हे समजायला तुरुंगाच्या भिंतीच पाहाव्या लागतात असे नाही. १८ जून १९४६ला राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा लोक एवढ्या संख्येने का जमले, याचे उत्तर अशा रोजच्या गोष्टींत आहे.

गोव्याच्या मुक्तीतली एक हकीकत महाराष्ट्राने विसरू नये. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मराठी शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि मोहन रानडे या नावाने आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलिस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालला लिस्बनजवळच्या तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पणजीच्या सचिवालयावर तिरंगा आला, निवडणुका झाल्या, १९६३मध्ये लोकनियुक्त सरकारही आले. रानडे मात्र तुरुंगातच राहिले. ज्या भूमीसाठी ते लढले ती सुटल्यावर सात वर्षांहून अधिक काळ त्यांनी परक्या देशातल्या कोठडीत काढला. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी समिती उभारली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. याच फडक्यांनी १९५४मध्ये दादरा-नगरहवेलीच्या लढ्यातही भाग घेतला होता. रानडे सुटले जानेवारी १९६९मध्ये. भूमीची मुक्ती आणि माणसाची सुटका यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, आणि दुसरी तारीख यावी म्हणून कोणाला तरी चिकाटीने कागद लिहीत राहावे लागते.

परक्या सत्तेविरुद्ध लढणे कठीण असते, पण तिथे निदान समोरचा कोण हे स्पष्ट असते. घरातल्या, जातीतल्या आणि रूढीतल्या सत्तेचे तसे नसते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईने हे एका खटल्यात पाहिले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. त्या मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला तयार झाल्या नाहीत. दादाजींनी १८८४मध्ये उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५मध्ये तो फेटाळला. ज्या लग्नाला मुलीची संमतीच नव्हती, त्यासाठी तिला एखाद्या वस्तूसारखे नवऱ्याच्या हवाली करायला त्यांचे मन तयार नव्हते. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये दादाजींनी २००० रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांसाठी दवाखाने चालवले.

त्या काळी स्वराज्याची भाषा बोलणारे कित्येक जण रखमाबाईंच्या विरुद्ध उभे होते. ‘केसरी’ त्यांच्यावर टीका करीत होता. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक, हा आगरकर-टिळक वाद पुस्तकांतून फार शिकवला जातो, पण तो नावांनिशी आणि एका जिवंत बाईच्या आयुष्यावर कसा घडला, ते रखमाबाईंच्या खटल्यातून जितके कळते तितके कुठल्याही लेखातून कळत नाही. आगरकरांनी १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला तो याच वातावरणात. या प्रकरणात सामाजिक सुधारणा आधी म्हणणाऱ्या आगरकरांची बाजू अधिक खरी होती, असे आज निःसंकोच म्हणायला हवे. रखमाबाईंवर ज्या तत्त्वाखाली दावा झाला, ते पती-पत्नींनी एकत्र नांदण्याचा हुकूम मागण्याचे तत्त्व १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९मध्ये आजही आहे.

आता ३१ ऑगस्ट १९५२कडे येऊ. या व्याख्यानाचा खरा विषय तीच तारीख आहे, कारण ती समजून घेतल्याशिवाय आपल्या स्वातंत्र्याचे मोजमाप पुरे होत नाही.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जातीवर धंदा ठरतो, तसा गुन्हाही काही जातींत पिढीजात चालतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११च्या सुधारणेनंतर मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला आणि १९२४मध्ये त्याला नवे रूप मिळाले. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातला प्रत्येक माणूस संशयित ठरे. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास. पासावाचून सापडला तर अटक. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही १८९७च्या दुरुस्तीने आली. कायद्याच्या दृष्टीने माणसाने काय केले याला महत्त्वच नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच पाहिले जाई.

महाराष्ट्रात हा कायदा ज्यांच्यावर चालला त्यांची नावे आजही सरकारी यादीत आहेत: रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, बंजारा, पारधी, कंजारभाट, छप्परबंद, भामटा आणि इतर, एकूण १४ जमाती. यातले बहुतेक जण आधी कामकरी होते. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून नेत. आगगाड्या आल्या आणि त्यांची वाहतूक बुडाली. वडार दगड फोडत, गाळ काढत, विहिरी खणत. कैकाडी टोपल्या आणि कणग्या विणत. रामोशी किल्ल्यांची आणि गावांची राखण करीत. इंग्रजी अंमल आल्यावर त्यांची वतने गेली. त्याच रामोशांतल्या उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुण्यात फासावर गेले. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९मध्ये बंड उभारले, तेव्हा त्यांच्यासोबतही रामोशी होते. फडक्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. त्यांच्याबरोबर डोंगरात फिरलेल्यांच्या नातवंडांना मात्र ठाण्यावर हजेरी द्यावी लागली.

मुंबई इलाख्यात या जमातींसाठी वसाहती उभारल्या गेल्या. त्यांतली सोलापूरची सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. सोलापुरातल्या कापडगिरण्यांना कामगार हवे होते आणि सरकारला या कुटुंबांना एका जागी बसवायचे होते. बायका-पुरुष गिरणीत जात आणि हजेरीच्या वेळेआत परत येत. वेळ चुकली तर शिक्षा. ज्या कुटुंबांच्या वर्तनाची अधिकाऱ्यांना खात्री पटे, त्यांना तारेच्या बाहेर घर बांधून राहू देत. त्या वस्त्यांना ‘फ्री कॉलनी’ म्हणत. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही आहे. वस्तीच्या नावातच ‘फ्री’ आहे, म्हणजे तिथले लोक कधीतरी बांधलेले होते, हे पत्ता लिहिणाऱ्या प्रत्येकाला दर वेळी लिहावे लागते. नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या कागदावर हा पत्ता लिहिणाऱ्या तरुणाला समोरचा कारकून कसा पाहतो, ते त्या वस्तीतल्या कोणालाही विचारावे.

२६ जानेवारी १९५०ला राज्यघटना लागू झाली. अनुच्छेद १९ने प्रत्येक नागरिकाला देशभर कुठेही फिरण्याचे आणि कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले. उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केले होते की या घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे. ही फार मोठी गोष्ट होती. जमात हा घटक धरला की १८७१चा कायदा शक्य होतो, आणि व्यक्ती हा घटक धरला की तो अशक्य ठरतो. तरीही केंद्राचा तो कायदा तत्काळ गेला नाही. काही प्रांतांनी आपापल्या हद्दीत तो आधी उठवला होता. अनंतशयनम अय्यंगार समितीने चौकशी करून तो रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. घटना लागू होऊन तेव्हा दोन वर्षे सात महिने झाले होते. एवढा काळ या देशात फिरण्याचे मूलभूत स्वातंत्र्य आणि फिरण्यासाठी पास मागणारा कायदा शेजारी शेजारी नांदले.

आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सांगितले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे थोड्यांचे पुष्कळांवरील वर्चस्व. त्यांना हे पुस्तकातून कळले नव्हते. मार्च १९२७मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल त्यांच्या सोबत्यांना मार खावा लागला होता. ते तळे नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना आधीच खुले झालेले होते, म्हणजे कागदावर स्वातंत्र्य होते आणि काठावर लाठ्या होत्या.

ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची गोष्टही याच काळातली. जमीनदाराकडून लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली त्या कर्जापोटी त्याच्या शेतावर राबत राही, आणि त्याची बायकोही राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या दिवशी संसार सुरू व्हायचा त्याच दिवशी वेठ सुरू होई. १९४५मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी वारल्यांना संघटित केले, गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप झाला, तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. लग्नगडी आधी सोडवले ते वारल्यांनी स्वतः. वेठबिगारीला मनाई करणारा घटनेचा अनुच्छेद २३ त्यानंतर आला आणि त्याची अंमलबजावणी करणारा कायदा तर १९७६मध्ये.

विमुक्तांच्या, म्हणजे १८७१च्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, बाबतीत कायदा गेला, पण त्याची सावली गेली नाही. अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. मुंबई राज्याने तसा कायदा १९५९मध्ये केला. तो जमातीला उद्देशून नव्हता, पण ठाण्यातल्या फौजदाराची सवय जुनीच होती. गावात चोरी झाली की पोलिस आधी पालावर जातात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पारधी कुटुंबाला ठाऊक आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या दोन आत्मकथनांनी हे जग मराठी वाचकाच्या समोर आणले. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले, अनुक्रमे १९८१ आणि १९८८ साली. वाचकांनी पुस्तके डोक्यावर घेतली. पालांवर पोलिसांचे जाणे काही थांबले नाही.

आणि तिसरा प्रश्न: सुटल्यावर हातात काय पडले? महाराष्ट्रात विमुक्त जातींना नोकरी-शिक्षणात ३ टक्के आरक्षण आहे. ते घ्यायला जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी अर्जदाराचे कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. आता विचार करावा: ज्यांचे आजोबा-पणजोबा बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरत, ज्यांना कोणी गावात कायमचे टिकू दिले नाही, ज्यांची जन्मनोंद कोणत्याही ग्रामपंचायतीत झाली नाही, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा कोणता कागद आणायचा? सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेच्या रजिस्टरात नाव नाही. मुलगी दहावी होते, अकरावीला प्रवेश घेते, शिष्यवृत्तीसाठी दाखला लागतो आणि तहसील कचेरीतून ती परत पाठवली जाते. स्थानिक चौकशी करून दाखला द्या, ही विमुक्त-भटक्यांच्या संघटनांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८मध्ये अहवाल दिला, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने दिला. दोन्ही आयोगांनी ओळखपत्रे, घरे आणि दाखले यांच्या अडचणी मांडल्या. ज्यांना एकेकाळी पासासाठी हात पसरावा लागे, त्यांना आता दाखल्यासाठी हात पसरावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांनी देशातल्या तुरुंगांत जातीवरून कामे वाटली जातात, हे उघड करून याचिका केली होती. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत सफाईचे काम ठरावीक जातींना आणि स्वयंपाक ठरावीक जातींना असे लिहिलेले होते. विमुक्त जमातींतल्या कैद्यांना जन्मजात गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यांत होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांना बजावले. १८७१मध्ये ज्या नोंदवहीपासून हे सुरू झाले, तिच्यातला एक रकाना १५३ वर्षांनी न्यायालयाच्या हुकमाने निघाला. हुकूम अमलात आणायचा आहे तो ठाण्या-ठाण्यांत आणि तुरुंगा-तुरुंगांत, आणि त्यावर लक्ष ठेवणारी माणसे लागतील.

या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी आहेत. सरकारी कागद कसा वाचायचा आणि अर्ज कसा लिहायचा, हे ज्याला येते अशा प्रत्येकाने आपल्या गावाबाहेरच्या किंवा शहराच्या कडेच्या एका पालावर जावे. तिथल्या एका कुटुंबाचे रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव आणि मुलांचे जातीचे दाखले हाती पडेपर्यंत त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जावे. आणि शाळा चालवणाऱ्यांनी येत्या वर्षापासून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळावा, त्या दिवशी वस्तीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मुलांपुढे बोलायला बोलवावे.